खोडदची मोजणी, नांदेडचा पत्ता

शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर लेखकांच्या नावांखाली बारीक टायपात त्यांचे पत्ते छापलेले असतात. बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात. मला मात्र आधी पत्ते वाचायची खोड आहे. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ‘मंथली नोटिसेस’ या नियतकालिकात ‘नांदेड’, ‘बार्शी रोड, लातूर’ आणि ‘उदगीर’ हे पत्ते पाहिले, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. शेजारी हार्वर्ड-स्मिथसोनियनचा पत्ता होता, आणि दोन्हींचा टाइप सारखाच बारीक होता.

स्मरणिकेसाठी आपल्या विद्यापीठातल्या खगोलसंशोधनाचा इतिहास लिहायचा म्हणजे या पत्त्यांचाच इतिहास लिहायचा. नांदेडला रेडिओ दुर्बीण नाही, लातूरलाही नाही. असे असताना हे पत्ते तिथवर कसे पोचले? माझ्या मते याचे उत्तर एका यादीत आहे. आकाशातल्या रेडिओ स्रोतांच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या यादीत.

आधी विद्यापीठाविषयी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुरू झाले. तोवर या भागातली महाविद्यालये औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती. त्यांत १९५० पासूनचे नांदेडचे पीपल्स कॉलेज होते, लातूरचे दयानंद होते, उदगीरचे महाराष्ट्र उदयगिरी होते. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची म्हटले तरी औरंगाबादची एसटी धरावी लागे. नव्या विद्यापीठाकडे नांदेड, लातूर आणि परभणी हे तीन जिल्हे आले. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाला आणि जिल्हे चार झाले. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे लातूरचेच. विद्यापीठ उभे राहिले तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला पुरते वर्षही झालेले नव्हते आणि लातूर जिल्ह्यात माणसे पत्र्याच्या शेडांत राहत होती. भौतिकशास्त्राच्या संकुलात दीर्घिकांचा अभ्यास सुरू करायचा, हा विचार अशा काळात कोणाला सुचावा याचे मला आजही नवल वाटते. सुचला, आणि टिकला.

आता यादीविषयी. इथे जरा जास्त रेंगाळणार आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला मोजणी समजावून सांगावी लागत नाही. निजामी अमदानी संपल्यावर खासरा पाहणी झाली, पुढे सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, आणि आजही जुना सर्व्हे नंबर व नवा गट नंबर यांचा मेळ घालण्यात आपल्या वकिलांचे आणि भावकीचे आयुष्य जाते. आकाशाची गोष्ट फार वेगळी नाही. १९३३ मध्ये कार्ल जान्स्कीने आकाशगंगेतून येणारी खरखर जाहीर केली. ग्रोट रेबरने स्वतःच्या अंगणात साडेनऊ मीटरची तबकडी उभारून रेडिओ आकाशाचे पहिले नकाशे काढले. युद्धानंतर केंब्रिजला मार्टिन रायल यांनी मोजणीच हाती घेतली. खरखर नेमकी कुठून येते, ती जागा ठरवायची, तिला क्रमांक द्यायचा आणि यादी छापायची.

१९५५ च्या दुसऱ्या केंब्रिज यादीत १,९३६ स्रोत होते. ऑस्ट्रेलियात मिल्स आणि स्ली यांनी त्याच आकाशाचा सामाईक भाग आपल्या दुर्बिणीने मोजला, तर दोन याद्या जुळेनात. केंब्रिजच्या दुर्बिणीची नजर पुरेशी बारीक नसल्यामुळे दोन-तीन मंद स्रोत एकमेकांत मिसळून एकच ठळक स्रोत असल्याचा भास होत होता. बांध न पाहता दोन शेते एका सातबाऱ्यावर चढवावीत, तसे झाले. मग १९५९ मध्ये तिसरी यादी आली, स्रोत अवघे ४७१. संख्या घटली आणि भरवसा वाढला. खगोलशास्त्रात आजही ‘3सी’ हाच अनेक प्रसिद्ध स्रोतांचा पत्ता आहे. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ज्याचे अंतर ओळखले आणि क्वासार नावाचा प्रकार ज्याने जगापुढे आणला, तो स्रोत म्हणजे या यादीतला २७३ वा.

याद्यांवरून भांडणेही झाली, आणि सर्वांत गाजलेल्या भांडणात एक मराठी तरुण होता. मंद स्रोतांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त भरते, म्हणजे विश्व पूर्वी वेगळे होते, म्हणजे स्थिर स्थितीचा सिद्धांत चूक, असे रायल यांनी १९६१ मध्ये मांडले. तो सिद्धांत फ्रेड हॉईल यांचा. त्यांच्या बाजूने रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उभे राहिले त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर, वय बावीस. पुढे निकाल रायल यांच्याच बाजूने झुकत गेला. त्याला हातभार लावणाऱ्यांत उटीच्या दुर्बिणीवर काम करणारे गोविंद स्वरूप आणि विजय कपाही हेही होते. चंद्रामागे स्रोत लपताना घेतलेल्या नोंदींवरून त्यांनी स्रोतांचे आकार मोजले, आणि १९७५ मध्ये छापलेले त्यांचे निष्कर्ष बदलत्या विश्वाच्या बाजूचे होते. गंमत अशी की स्वरूपांनी उभारलेले एनसीआरए आणि नारळीकरांची आयुका या दोन्ही संस्था पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी-शेजारी आल्या. नांदेडहून पुण्याला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्याला एकाच दिवशी दोन्हीकडे चहा मिळू लागला. मराठवाड्याच्या दृष्टीने त्या जुन्या वादाचे फलित हे, असे मी गमतीने म्हणत असतो.

यादीतला क्रमांक नुसता क्रमांक राहत नाही, याचे दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींचे. चौथ्या केंब्रिज यादीत २१ अंशांच्या पट्ट्यात ५३ वा म्हणून नोंदलेला एक स्रोत होता. त्याचे वागणे दीर्घिकेसारखेही नव्हते आणि इतर कशासारखेही नव्हते. कित्येक वर्षे तो नुसता शेऱ्यानिशी पडून होता. १९८२ मध्ये बर्कलीला विद्यार्थी असलेल्या कुलकर्णींनी डोनाल्ड बॅकर यांच्यासोबत त्याचा माग काढला, तेव्हा तो सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा स्पंदक निघाला. मिलिसेकंद स्पंदकांमधला तो पहिला. नोंद आधी झालेली असली की शहाणा माणूस कधीतरी तिच्यापाशी येतो.

खोडद हे जुन्नर तालुक्यातले, नारायणगावजवळचे गाव. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या चौकात दाटीने आणि सोळा वाय आकाराच्या तीन हातांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बसवलेली तारेची जाळी वापरल्याने तबकडी हलकी झाली, वाऱ्याला वाट मिळाली आणि खर्च आवाक्यात आला. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली आणि पुढच्या वर्षापासून जगभरच्या संशोधकांना खुली झाली. ताऱ्यांसाठी रात्र लागते, रेडिओ स्रोतांना ती लागत नाही. आषाढातल्या भरून आलेल्या दुपारीही खोडदचे काम चालू असते. त्रास होतो तो माणसाच्या खरखरीचा, म्हणजे वीजवाहिन्या, मोबाइलचे मनोरे, टीव्हीचे बूस्टर.

एक भूगोल मात्र सांगायला हवा. खोडद १९ अंश ६ मिनिटे अक्षांशावर आहे आणि नांदेड १९ अंश ९ मिनिटांवर. म्हणजे जो स्रोत खोडदच्या माथ्यावरून जातो, तोच, आकाशाच्या त्याच रेघेवरून, नांदेडच्या माथ्यावरूनही जातो. नांदेड सव्वातीन अंश पूर्वेला असल्यामुळे इथे तो तेरा मिनिटे आधी येतो. वर्गात हे फळ्यावर मांडून दाखवले की मागच्या बाकावरची मुलेही हिशेब तपासू लागत.

या दुर्बिणीवर एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात टीआयएफआर-जीएमआरटी आकाश सर्वेक्षण झाले. संदीप सिरोठिया, निमिषा कंठारिया, ईश्वरचंद्र आणि गोपालकृष्ण ही त्यामागची माणसे. वारंवारता १५० मेगाहर्ट्झ, आपल्या एफएम वाहिन्यांच्या थोडी वर, तरंगलांबी दोन मीटर. आकाशाचे पाच हजारांवर तुकडे पाडले आणि प्रत्येकाला साधारण पाव तास दिला. तोही सलग नाही. थोडा आत्ता, थोडा काही तासांनी, कारण पृथ्वी फिरली की त्याच तबकड्या वेगळ्या कोनातून पाहू लागतात. असे दोन हजारांहून अधिक तास झाले. उत्तर ध्रुवापासून दक्षिणेला ५३ अंशांपर्यंतचे आकाश त्यात आले. पुढे नाही, कारण तबकडी क्षितिजापासून १७ अंशांच्या खाली झुकत नाही.

या सर्वेक्षणाच्या संपूर्ण यादीच्या नावात ‘पर्यायी’ हा शब्द आहे, आणि माझ्या लेखी या इतिहासातला तोच सर्वांत मोलाचा शब्द. मूळ गटाने आकाशाचे काही भाग टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केले होते. कच्च्या नोंदी जीएमआरटीच्या भांडारात खुल्या होत्या. लेडेनचे डच खगोलशास्त्रज्ञ इंटेमा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी त्या उचलल्या, स्वतःच्या पद्धतीने पुन्हा गाळल्या, आयनांबरामुळे डगमगणारी चित्रे दिशेगणिक दुरुस्त केली आणि सगळी यादी जगापुढे ठेवली. ३६,९०० चौरस अंश, म्हणजे एकूण आकाशाचा नव्वद टक्के भाग, आणि ६,२३,६०४ स्रोत. नजर २५ विकलांची, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सत्तराव्या भागाइतकी बारीक. दुर्बीण ज्यांची नाही, निरीक्षण ज्यांनी केलेले नाही, अशांनीही सार्वजनिक नोंदीवरून इतके करावे! लेडेनच्या माणसाला जे चालते ते लातूरच्या माणसालाही चालते, फक्त त्याला कोणीतरी तसे सांगावे लागते.

चूक राहिलीच. यादी आल्यावर ऑस्ट्रेलियातल्या एका सर्वेक्षणाशी ताडून पाहिले, तेव्हा काही पट्ट्यांत स्रोतांची तीव्रता कमी-जास्त लागल्याचे दिसले आणि २०१७ मध्ये एका भागाची सुधारित यादी निघाली. फेरमोजणी झाली म्हणा. आपल्याकडे फेरमोजणीला दोन पिढ्या लागतात. इथे वर्ष-दीड वर्ष लागले.

‘पर्यायी’ यादीचा मसुदा खुल्या संग्रहात आला तो मार्च २०१६ मध्ये. पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. मला त्या दोन तारखा वेगळ्या आठवतच नाहीत. नळाला महिनोन् महिने पाणी नाही, शिकवण्या ओस पडलेल्या, आणि एका विद्यार्थ्याने फोनवर विचारले, ‘सर, यादी उतरवून घेतली, पण आता कुठून सुरुवात करू?’ मी म्हणालो, आधी घागर भरून ठेव.

आपल्या गटाची सुरुवात त्याच्या पुष्कळ आधीची. प्रा. एम. के. पाटील यांनी नांदेडच्या भौतिकशास्त्र संकुलात दीर्घिकांवरचे काम रुजवले. त्यांच्याकडे पीएच.डी. केलेले विद्यार्थी लातूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राध्यापक झाले, आणि आश्चर्य हे की नोकरी लागल्यावरही त्यांनी संशोधन सोडले नाही. यात आयुकाचा वाटा मोठा. महाविद्यालयीन शिक्षकाला दरवर्षी काही आठवडे तिथे येऊन राहता यावे, ग्रंथालय, संगणक आणि माणसे मिळावीत, अशी त्यांची सहयोगी योजना आहे. लातूर पॅटर्नचे गोडवे आपण खूप गातो. त्या पॅटर्नने डॉक्टर आणि इंजिनिअर घडवले हे खरेच, पण सुटीत पुण्याला जाऊन दीर्घिकांची चित्रे गाळत बसणारा शिक्षक कुठल्याच पॅटर्नमध्ये बसत नाही. त्याच्या नावाचा फ्लेक्स मी अजून पाहिलेला नाही.

हे लोक नेमके काय करतात? दीर्घिकांच्या मोठ्या समूहाच्या मध्यभागी कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो आणि तो क्ष-किरणांत दिसतो. मध्यभागी तो दाट असतो, म्हणून तिथे तो लवकर थंड व्हायला हवा आणि त्यातून ताऱ्यांचा पूर यायला हवा. तसे होत नाही. कोणीतरी खालून जाळ घालत असते. मधल्या दीर्घिकेतल्या कृष्णविवरापासून दोन बाजूंना झोत निघतात आणि वायूत फुगे फुगवतात. पिठले रटरटताना वर येणारे बुडबुडे आठवा. क्ष-किरणांच्या चित्रात या फुग्यांच्या जागी वायू विरळ असल्यामुळे तिथे पोकळी दिसते. रेडिओच्या चित्रात त्याच जागा भरलेल्या दिसतात, कारण फुग्यात रेडिओ लहरी सोडणारे कण असतात. एका चित्रातले भोक दुसऱ्या चित्रात उजेड म्हणून यावे, यासारखा पुरावा नाही. क्ष-किरणांच्या नोंदी नासाच्या ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या खुल्या भांडारातून येतात, रेडिओच्या जीएमआरटी किंवा अमेरिकेतल्या व्हीएलएकडून. कागद दोन दप्तरांतले आणि ताळमेळ नांदेडचा.

२०१२ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६३३८ या दीर्घिकेतल्या पोकळ्यांवरचा निबंध आला, तोच तो हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या सहलेखकाचा. पाठोपाठ अबेल १९९१ आणि २०१५ मध्ये अबेल २३९० हे दीर्घिकासमूह झाले. २०१९ हे वर्ष मला विशेष वाटते. त्या वर्षी लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयाच्या पुढाकाराने आयसी १२६२ या समूहावरचा निबंध अमेरिकेच्या ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यात पोकळ्यांबरोबर विरळ, पसरट रेडिओ उजेडाचाही अभ्यास होता. आणि त्याच वर्षी उदगीर, नांदेड आणि अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा यांनी मिळून 3सी ३२० भोवतीच्या पोकळ्या आणि धक्कालहरी दाखवल्या. म्हणजे रायल यांच्या १९५९ च्या यादीतला ३२० वा स्रोत, जिथून निघालेल्या किरणांना इथे यायला पावणेचार अब्ज वर्षे लागली, त्याचे घरातले भांडण साठ वर्षांनी उदगीरच्या माणसाने उलगडले. उदगीरला १७६० मध्ये झालेली लढाई सगळ्यांना पाठ असते. ही नोंदही कोणीतरी ठेवावी, म्हणून लिहिले.

हे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. जीएमआरटीचे एक निरीक्षण म्हणजे कित्येक गिगाबाइट. आमच्याकडच्या इंटरनेटवर ते उतरायला आठवडा जाई, म्हणून मुले पुण्याहून हार्डडिस्क पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने आणत. नोंदींतली माणसाची खरखर हाताने वेचायची. हा भाग ठेवायचा, हा टाकायचा, तांदूळ निवडल्यासारखे दिवसचे दिवस. लोडशेडिंगच्या काळात एकदा माझ्या टेबलावरच्या संगणकावर तीन दिवस चाललेली प्रक्रिया शेवटच्या फेरीत वीज जाऊन पुसली गेली. त्या विद्यार्थ्याने काही न बोलता बाहेर जाऊन चहा घेतला आणि परत येऊन पहिल्यापासून सुरुवात केली. मला त्याच्याइतका संयम नव्हता. मी घरी गेलो.

मध्यंतरी खोडदची दुर्बीण बदलली. वेगवेगळ्या अरुंद पट्ट्यांऐवजी ५० ते १,५०० मेगाहर्ट्झपर्यंतचा जवळजवळ सलग पल्ला तिला मिळाला. निरीक्षणाचा वेळ वर्षातून दोनदा मागवल्या जाणाऱ्या प्रस्तावांवर मिळतो, आणि प्रस्तावाला जगातल्या कोणत्याही विद्यापीठाशी स्पर्धा करावी लागते. पत्ता पाहून कोणी सूट देत नाही आणि पत्ता पाहून कोणी नाकारतही नाही.

आता आमच्याच विद्यापीठाच्या हद्दीत एक नवी दुर्बीण येते आहे, रेडिओची नव्हे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होणार आहे. तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, यादी आणि पाण्याची रेल्वे यांच्या थोडी आधी. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात टाकायच्या आहेत. लोक विचारतात, तिचा आणि रेडिओ यादीचा संबंध काय? ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वीय लहर पृथ्वीवर आली. पंधरवड्यानंतर त्या जागी रेडिओ उजेड दिसू लागला आणि पुढचे कित्येक महिने तो मोजण्याचे काम ज्या दुर्बिणींनी केले त्यांत खोडदही होती. त्या कामाचे नेतृत्व करणारा संशोधक म्हणजे ‘पर्यायी’ यादी काढणाऱ्या चौघांपैकीच एक. नवा ठिपका उगवला की पहिला प्रश्न हाच असतो की इथे आधी काही होते का, आणि त्यासाठी जुनी नोंद उघडावी लागते.

दुधाळ्याची नळी पहिला थरकाप टिपेल तेव्हा ती नोंद उघडणारा कोण असेल, हे आज सांगता येत नाही. औंढ्याहून नांदेडला एसटीने दोन तासांत पोचता येते.